स्कूबा बोटीवरील शिष्टाचार आणि संवाद

स्कूबा बोटीवरील शिष्टाचार आणि संवाद म्हणजे स्कूबा डायव्हिंगसाठी भाड्याने घेतलेल्या बोटीवर आणि त्या बोटीवरून मारलेल्या बुडीत पाणबुडे, प्रशिक्षक, तांडेल व खलाशी यांनी पाळावयाचे वागणुकीचे नियम आणि परस्परांना समजावयाच्या खुणा होत. पाण्याखाली बोलता येत नाही. त्यामुळे जे ठरवायचे ते पाण्यात उतरण्यापूर्वी बोटीवरच ठरवावे लागते. या नियमांपैकी काही सौजन्याचे दिसत असले तरी त्यांपैकी बहुतेकांचा थेट संबंध जीविताच्या सुरक्षिततेशी आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली व देवबाग या किनाऱ्यावर या संकेतांचा सर्वाधिक वापर होतो.

पार्श्वभूमी

पाठीवरच्या सिलिंडरमधील दाबाखालील हवा मागणीनुसार पुरवणारे उपकरण झाक-इव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केले. त्यानंतर पाणबुड्याला पृष्ठभागावरील नळीचा आधार घ्यावा लागेना व त्याच्या हालचालींना मोकळीक मिळाली. मात्र नळी आणि दोरीबरोबर बोटीशी असलेला प्रत्यक्ष दुवाही तुटला. पूर्वी दोरीला ठरावीक झटके देऊन पाणबुडा वरच्या माणसाला निरोप देत असे. मुक्तपणे पोहणाऱ्या पाणबुड्यासाठी हाताच्या खुणांची भाषा घडवावी लागली. १९५९ मध्ये स्थापन झालेला पाणबुड्यांचा जागतिक महासंघ आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली पॅडी यांसारख्या संस्थांच्या प्रशिक्षणातून या खुणा देशोदेशी पसरल्या. आज मूलभूत खुणा जवळजवळ सर्वत्र सारख्या आहेत. त्यामुळे एकमेकांची भाषा न जाणणारे दोन पाणबुडेही एकत्र बुडी घेऊ शकतात.

पाण्याखाली आवाज ऐकू येतो, पण त्याचा उपयोग मर्यादित असतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. हवेतील वेगाच्या तुलनेत हे प्रमाण साधारण साडेचारपट आहे. दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातील फरक त्यामुळे इतका कमी होतो की आवाज कोठून आला हे माणसाला ओळखता येत नाही. सिलिंडरवर धातूचा तुकडा वाजवून लक्ष वेधता येते. काय म्हणायचे आहे ते मात्र हातानेच सांगावे लागते.

महाराष्ट्रातील स्वरूप

मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले. या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ व रंगीत मासे आढळतात. या परिसराला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग व जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे. येथील बोटींवर गाईड, तांडेल व खलाशी म्हणून काम करणाऱ्यांत किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांतील तरुणांची संख्या मोठी आहे.

मालवणच्या बोटींवरील परिस्थिती परदेशी स्कूबा बोटींहून एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळी आहे. परदेशी चार्टर बोटीवरील बहुतेक प्रवासी प्रमाणपत्रधारक पाणबुडे असतात. मालवणला येणारे बहुसंख्य पर्यटक आयुष्यात प्रथमच पाण्याखाली जातात आणि त्यांतील अनेकांना पोहताही येत नाही. त्यामुळे इतरत्र काही दिवसांच्या अभ्यासक्रमात शिकवले जाणारे संकेत येथे बोटीवरच काही मिनिटांत समजावून द्यावे लागतात. बुडी उथळ पाण्यात आणि प्रशिक्षकाच्या हाती असली तरी ही काही मिनिटे घाईत उरकली गेल्यास त्याचे परिणाम पाण्यात दिसतात.

अनुभवी पाणबुडे शेजारच्या राज्यांतील स्थळांकडेही जातात. गोव्याजवळील ग्रँड आयलंड आणि कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरील नेत्राणी ही त्यांपैकी प्रसिद्ध स्थळे आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडीत पठार आहे. तेथे जाण्यासाठी बोटीवर मुक्काम करावा लागतो. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका निवती खडकांजवळ बुडवून कृत्रिम प्रवाळभित्ती व पाण्याखालील पर्यटनस्थळ निर्माण करण्याचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला.

बोटीवर चढण्यापूर्वी

समुद्रावरील वेळापत्रक वारा व भरती-ओहोटी ठरवतात. कोकण किनाऱ्यावर सकाळी समुद्र तुलनेने शांत असतो. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे जोर धरतात व लाटा वाढतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीत प्रवाह जोरात असतो, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीत तो मंद असतो. म्हणून ठरलेल्या वेळेपूर्वी किनाऱ्यावर हजर राहणे हा पहिला शिष्टाचार मानला जातो. एका माणसाच्या उशिरामुळे सगळ्या बोटीची शांत समुद्राची वेळ निघून जाऊ शकते. पावसाळ्यात ही बुडी बंद असते.

प्रकृतीविषयीची माहिती न लपवता देणे हा दुसरा नियम आहे. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, सर्दी किंवा नुकतेच केलेले मद्यपान यांची माहिती प्रशिक्षकाला द्यावी लागते. पैसे भरले आहेत किंवा सोबतचे लोक हसतील, या संकोचाने पर्यटक अनेकदा गप्प राहतात. नाक-कान चोंदलेले असताना कानातील दाब समान करता येत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. प्रमाणपत्रधारक पाणबुड्याने आपले प्रमाणपत्र, शेवटच्या बुडीची तारीख आणि आपला खरा अनुभव सांगणे अपेक्षित असते. मनोरंजनात्मक डायव्हिंगच्या प्रारंभिक प्रमाणपत्राची मर्यादा सामान्यतः १८ मीटर, पुढील पातळीची ३० मीटर आणि कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते.

बोटीवरील वागणूक

बोटीवर तांडेलाचा शब्द अंतिम असतो. प्रशिक्षकाचा अधिकार पाण्याखालील बुडीवर असला तरी नांगर कोठे टाकायचा, परत केव्हा फिरायचे आणि कोणी कोठे बसायचे हे तांडेल ठरवतो. लहान बोटीत सर्वांनी एका बाजूला गर्दी केल्यास तिचा तोल जातो. म्हणून छायाचित्रासाठी किंवा डॉल्फिन पाहण्यासाठी एकदम उठून एका काठाला जाणे निषिद्ध मानले जाते. महाराष्ट्रात प्रवासी बोटींचे परवाने व त्यांची प्रवासी क्षमता हा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीतील विषय आहे. क्षमतेहून अधिक माणसे घेण्याचा आग्रह पर्यटकांनीही धरू नये, असा संकेत आहे.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्यानजीक उलटली व दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. दुर्घटना बुडीत घडली नव्हती, परतीच्या प्रवासात घडली होती. पाण्यातून वर आल्यावर धोका संपला असे समजून तरंगजॅकेट काढून ठेवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत ते अंगावर ठेवावे, हा नियम म्हणूनच बुडीच्या नियमांइतकाच महत्त्वाचा आहे.

सामानाविषयीचे नियम जागेच्या टंचाईतून आले आहेत. प्रत्येकाने आपले साहित्य एका पिशवीत, आसनाखाली ठेवावे आणि ये-जा करण्याची वाट मोकळी ठेवावी, अशी रीत आहे. भरलेला सिलिंडर उभा करून सोडून देणे ही गंभीर चूक मानली जाते. बोट हलली की तो कोसळतो आणि कोणाच्या तरी पायावर पडतो किंवा त्याची झडप मोडते. शिशाची वजने हातात देताना समोरच्याने ती नीट धरल्याची खात्री झाल्याशिवाय सोडत नाहीत. कॅमेरे धुण्यासाठी ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या बादलीत मास्क धूत नाहीत. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून अनेक जण आतून थुंकी लावतात, त्यामुळे त्यासाठी वेगळी बादली असते. बोट लागल्यास वाऱ्याच्या दिशेने नव्हे, तर वारा ज्या बाजूला वाहत आहे त्या काठावर जाऊन उलटी करावी व त्याची लाज बाळगू नये. खलाशांना याची सवय असते.

अनेक दिवसांच्या सफरीवर रात्रीचे नियमही लागू होतात. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ बेटाजवळ २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कन्सेप्शन या स्कूबा बोटीला आग लागून ३४ जणांचा मृत्यू झाला. सर्व प्रवासी खालच्या मजल्यावर झोपलेले होते आणि रात्रीच्या गस्तीवर कोणीही नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले. कॅमेरे व दिव्यांच्या बॅटऱ्या रात्री विनादेखरेख चार्ज करू नयेत आणि बोटीत शिरताच बाहेर पडण्याचे दोन मार्ग पाहून ठेवावेत, या सूचनांवर त्यानंतर अधिक भर दिला जाऊ लागला.

बुडीपूर्व माहिती

पाण्यात उतरण्यापूर्वी प्रशिक्षक किंवा गाईड सर्वांना एकत्र बसवून बुडीची माहिती देतो. तीत जागेचे स्वरूप, कमाल खोली, अपेक्षित कालावधी, प्रवाहाची दिशा, उतरण्याची व वर येण्याची जागा, जोड्या, हवेची राखीव मर्यादा, वाट चुकल्यास करावयाची कृती आणि त्या दिवशी वापरावयाच्या खुणा यांचा समावेश असतो. हे चालू असताना आपसात बोलणे, फोन पाहणे किंवा साहित्य जोडत राहणे असभ्य समजले जाते. शेकडो बुड्या केलेला पाणबुडाही हे शांतपणे ऐकतो, कारण प्रत्येक बोटीवरील खुणांत किरकोळ फरक असू शकतो. उदाहरणार्थ, सिलिंडरमधील अर्धी हवा संपल्याची खूण काही ठिकाणी दोन्ही हातांनी करतात, तर काही ठिकाणी उरलेला दाब बोटांच्या आकड्यांनी दाखवतात.

मालवणच्या बोटीवर मुंबई, पुणे, कोल्हापूर व बेळगाव अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली कुटुंबे एकत्र असू शकतात. त्यामुळे माहिती मराठी व हिंदी अशा दोन भाषांत द्यावी लागते. ऐकणाऱ्याने केवळ मान डोलावणे पुरेसे धरले जात नाही. प्रत्येक खूण त्याच्याकडून करवून घेणे ही चांगल्या गाईडची पद्धत आहे.

जोडीदार पद्धत

प्रमाणपत्रधारक पाणबुडे एकट्याने नव्हे तर जोडीने बुडी घेतात. जोडीदार बोटीवर ठरवला जातो आणि अनोळखी माणसाची जोडी पडल्यास दोघांनी एकमेकांचा अनुभव, बुडीचा हेतू व साहित्याची रचना समजून घेणे अपेक्षित असते. उतरण्यापूर्वी दोघे एकमेकांच्या साहित्याची तपासणी करतात. जॅकेटमध्ये हवा भरते व सुटते का, वजने जागेवर आहेत का व एका हाताने सोडता येतात का, सर्व पट्टे लागले आहेत का, सिलिंडरची झडप उघडी आहे का व हवेला वास नाही ना, हे क्रमाने पाहिले जाते. स्वतः कितीही अनुभवी असले तरी जोडीदाराला ही तपासणी करू देणे हा शिष्टाचार आहे.

छायाचित्रण करणारा पाणबुडा एका जागी रेंगाळतो, तर इतरांना पुढे जायचे असते. असा मतभेद पाण्याखाली सोडवता येत नाही, म्हणून तोही आधी बोलून घेतात. जोडीदार दिसेनासा झाल्यास साधारण एक मिनिट आजूबाजूला शोधून, नंतर सुरक्षित वेगाने पृष्ठभागावर येणे ही सर्वमान्य पद्धत आहे. दोघांनीही ती पाळली तर दोघे वर भेटतात. एकाने ती मोडून खालीच शोध चालू ठेवला, तर वर आलेल्याला खरा अपघात झाला आहे की नाही हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

हाताच्या खुणा

सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत:

- अंगठा व तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ, इतर बोटे सरळ: ‘सर्व ठीक आहे का?’ हा प्रश्न आणि ‘ठीक आहे’ हे उत्तर.
- मूठ वळून अंगठा वर: वर चला.
- मूठ वळून अंगठा खाली: खाली चला.
- पंजा आडवा धरून दोन्ही बाजूंना हलवणे: काहीतरी बिघडले आहे. त्यानंतर बिघाडाच्या जागेकडे बोट दाखवतात.
- कानाकडे बोट दाखवून पंजा हलवणे: कानातील दाब समान होत नाही.
- उभा पंजा समोर धरणे: थांबा.
- दोन्ही तर्जन्या शेजारी जुळवणे: जोडीने राहा.
- दोन बोटांनी डोळ्यांकडे व नंतर वस्तूकडे निर्देश: तिकडे पाहा.
- बंद मूठ छातीवर टेकवणे: हवा कमी उरली आहे.
- सपाट हात गळ्यासमोरून आडवा फिरवणे: हवा संपली आहे.

शेवटच्या खुणेला प्रश्न विचारायचा नसतो. जोडीदार तत्काळ आपले राखीव रेग्युलेटर पुढे करतो. ते सहज दिसावे म्हणून बहुधा पिवळ्या रंगाचे असते. साधारण २०० बार दाबाने भरलेल्या सिलिंडरमधील ५० बार दाब राखीव धरून बोटीवर परत येणे ही प्रचलित मर्यादा आहे. हवा किती उरली असे गाईडने विचारल्यास खरा आकडा सांगणे आवश्यक असते. आपल्यामुळे इतरांची बुडी आटोपेल या भिडेने आकडा वाढवून सांगणे धोक्याचे असते. रात्रीच्या बुडीत दिव्याने वर्तुळ काढल्यास ‘ठीक आहे’ आणि दिवा वेगाने आडवा हलवल्यास ‘संकट’ असा अर्थ होतो. दुसऱ्याच्या डोळ्यांवर दिवा मारणे टाळले जाते.

रोजच्या सवयीमुळे होणारे गोंधळ

दैनंदिन जीवनातील काही खुणांचा पाण्याखालील अर्थ निराळा असतो. सर्वाधिक गोंधळ अंगठ्याच्या खुणेने होतो. जमिनीवर वर केलेला अंगठा ‘उत्तम’ असे सांगतो, तर मराठीत ‘अंगठा दाखवणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ ऐनवेळी नकार देणे किंवा फसवणे असा होतो. पाण्याखाली मात्र त्याचा एकच अर्थ आहे: वर चला. आनंदित झालेल्या नवख्या पर्यटकाने कॅमेऱ्याकडे पाहून अंगठा दाखवला, तर नियमानुसार प्रशिक्षकाने बुडी संपवून त्याला वर आणावयास हवे. प्रशिक्षकाने तो सवयीचा भाग समजून दुर्लक्ष करणे अधिक घातक आहे, कारण पुढच्या पर्यटकाला खरोखरच वर जायचे असू शकते.

मानेच्या हालचालीही निरुपयोगी ठरतात. भारतात मान दोन्ही बाजूंना डोलावण्याचा अर्थ प्रसंगानुसार होकार, कौतुक किंवा संदिग्ध संमती असा होतो. मास्क व रेग्युलेटर लावलेल्या माणसाच्या बाबतीत तो मुळीच उमगत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला हातानेच उत्तर देण्याची सक्ती असते. उत्तर न आल्यास अडचण आहे असे गृहीत धरले जाते.

पृष्ठभागावर हात हलवण्यानेही गैरसमज होतो. पाण्यातून वर येताच बोटीवरील कुटुंबीयांकडे पाहून हात हलवणे स्वाभाविक वाटते. परंतु डोक्यावर हात हलवणे ही मदतीची खूण आहे. पृष्ठभागावर ‘ठीक आहे’ असे सांगण्यासाठी दोन्ही हात डोक्यावर जुळवून मोठे वर्तुळ करतात किंवा एका हाताची बोटे डोक्याच्या मध्यावर टेकवतात. तसेच मास्क कपाळावर सरकवलेला पाणबुडा संकटात असावा असा अनेक ठिकाणी समज आहे, म्हणून तो गळ्यात उतरवून ठेवतात.

पाण्यात उतरणे व वर येणे

लहान बोटीवरून काठावर बसून पाठमोरी उडी घेतली जाते, तर उंच बोटीवरून पुढे लांब पाऊल टाकून. दोन्ही प्रकारांत खाली कोणी नाही हे खलाशी पाहतो आणि त्याने सांगितल्याशिवाय कोणी उतरत नाही. उतरल्यावर बोटीकडे ‘ठीक आहे’ ही खूण करून लगेच बाजूला सरकतात, जेणेकरून पुढच्याला जागा मिळते. बोटीचा पंखा फिरत असताना पाण्यात उतरणे किंवा शिडीजवळ येणे वर्ज्य असते.

पाणबुडे पाण्यात असताना बोटीवर निळ्या-पांढऱ्या रंगाचा, टोकाला खाच असलेला आंतरराष्ट्रीय ‘अ’ संकेताचा ध्वज लावतात. ‘येथे पाणबुडा आहे, दूर राहा व वेग कमी ठेवा’ असा त्याचा अर्थ आहे. काही देशांत तांबड्या रंगावर पांढरा तिरका पट्टा असलेला ध्वजही वापरतात. मासेमारी आणि पर्यटन एकाच पाण्यात चालते अशा ठिकाणी इतर बोटींच्या तांडेलांना या ध्वजाचा अर्थ माहीत असणे महत्त्वाचे ठरते. मच्छीमारांच्या लावलेल्या जाळ्यांवरून बोट न नेणे आणि जाळे वा खूण म्हणून सोडलेला तरंगता गोळा न हलवणे हा या व्यवहाराचा दुसरा पैलू आहे.

वर येताना श्वास रोखू नये, हा स्कूबाचा सर्वांत मूलभूत नियम आहे. दहा मीटर खोलीवरील दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. तेथे फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावून दुप्पट जागा मागते. थोड्या मीटरच्या अंतरातही यामुळे फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून हा नियम उथळ बुडीलाही लागू आहे. मिनिटाला सुमारे ९ मीटर किंवा त्याहून कमी वेगाने वर येणे आणि खोल बुडीनंतर ५ मीटरवर तीन मिनिटे थांबणे ही प्रचलित पद्धत आहे. शिडीवर एका वेळी एकच जण चढतो. खाली वाट पाहणारा शिडीपासून दूर राहतो, कारण वरच्याचा सिलिंडर किंवा तो स्वतः खाली पडू शकतो. बोटीत पोहोचेपर्यंत मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात ठेवतात.

शिरगणती

बोट जागा सोडण्यापूर्वी सर्वजण परत आले आहेत याची खात्री करणे ही बोटीवरील सर्वांत गंभीर जबाबदारी होय. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवर एका चार्टर बोटीने एक अमेरिकन दांपत्य समुद्रातच मागे सोडले. मोजणीत चूक झाली होती. दोघांचे सामान बोटीवर तसेच पडून असूनही ते परतले नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आले. शोध घेऊनही ते सापडले नाहीत. या घटनेनंतर क्वीन्सलँडमध्ये मोजणीचे नियम कडक करण्यात आले.

डोकी मोजताना लोक हालचाल करत असल्यास एकच माणूस दोनदा मोजला जातो किंवा वगळला जातो. म्हणून नावानिशी हजेरी घेण्याची पद्धत अधिक विश्वसनीय मानली जाते. प्रत्येकाने स्वतः ‘हजर’ म्हणायचे असते. जोडीदाराने किंवा नातेवाइकाने त्याच्यावतीने उत्तर देणे नियमाविरुद्ध आहे. हजेरी चालू असताना सर्वांनी जागेवर बसून राहावे लागते. काही बोटींवर पाण्यात जाताना व परत आल्यावर यादीवर सही घेतली जाते. बुडी रद्द करून बोटीवरच थांबणाऱ्याने किंवा दुसऱ्या बोटीतून परतणाऱ्याने ते आपल्या मूळ बोटीच्या तांडेलाला सांगणे आवश्यक असते, अन्यथा अनावश्यक शोध सुरू होतो.

कोणी बेपत्ता आढळल्यास बोट जागेवरून हलवत नाहीत. एक माणूस केवळ पाण्यावर नजर ठेवतो आणि सागरी रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागितली जाते. भारतात तटरक्षक दलाचा शोध व बचावासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे. प्रवाहात वाहून गेलेला पाणबुडा शिटी वाजवून व रंगीत फुगवणारी नळी उभी करून आपली जागा दाखवतो.

प्रथमच बुडी घेणाऱ्यांसाठी

मालवणसारख्या ठिकाणी नवख्या पर्यटकाला आधी बोटीच्या काठाशी दोरी किंवा शिडी धरून पाण्यात तोंड घालून श्वास घेण्याचा सराव देतात. रेग्युलेटरने केवळ तोंडाने श्वास घेणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे आणि नाक दाबून कानातील दाब समान करणे या तीन गोष्टी त्याला जमल्याशिवाय खाली नेणे योग्य नसते. बुडीत प्रशिक्षक बहुधा मागून किंवा वरून सिलिंडर धरून असतो. तो पर्यटकाला दिसत नसल्यामुळे आपला हात त्याच्या मास्कसमोर आणून खूण करतो. पर्यटकाने घाबरून स्वतःचा मास्क ओढणे किंवा प्रशिक्षकाला घट्ट पकडणे हे नेहमीचे प्रसंग आहेत. ‘काहीतरी बिघडले आहे’ ही एक खूण पक्की आठवत असल्यास ते बरेचसे टळतात.

बुडी नाकारण्याचा हक्क

कोणत्याही पाणबुड्याने, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता बुडी थांबवावी आणि इतरांनी त्याबद्दल प्रश्न विचारू नये, हा स्कूबा जगतातील सर्वमान्य संकेत आहे. बुडीपूर्वी बोटीवरही तो लागू असतो. कुटुंबासह आलेल्या पर्यटकांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. ‘इतके लांब आलो आहोत, एकदा उतरून तर बघ’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी घाबरलेल्या माणसाला पाण्याखाली पाठवणारा असतो. लहान मुले व ज्येष्ठ यांना नकार देणे अवघड जाते, म्हणून जाणते प्रशिक्षक त्यांना कुटुंबीयांपासून थोडे बाजूला घेऊन त्यांची खरी इच्छा विचारतात. गाईडनेही खराब दृश्यमानता, जोराचा प्रवाह किंवा पर्यटकाची अवस्था पाहून बुडी रद्द केल्यास तो निर्णय मान्य करावा लागतो. पैसे परत मिळण्याच्या अटी किनाऱ्यावरच स्पष्ट करून घेतल्यास बोटीवर वाद होत नाहीत आणि पैशासाठी धोका पत्करण्याचा मोहही कमी होतो.

सागरी जीवांविषयीचे संकेत

प्रवाळाला हात लावणे, त्यावर उभे राहणे, शिंपले वा प्रवाळाचे तुकडे उचलणे आणि माशांना पाव किंवा बिस्किटे घालणे अयोग्य मानले जाते. प्रवाळ हा सजीवांचा समूह असून त्याची वाढ अत्यंत मंद असते. एका पावलाने मोडलेला भाग पुन्हा तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. कठीण प्रवाळांना भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. नांगर प्रवाळावर न टाकता कायमच्या बोयाला बोट बांधणे हा तांडेलाकडून अपेक्षित असलेला संकेत आहे. बोटीवरून प्लास्टिक किंवा अन्न समुद्रात टाकले जात नाही.

बुडीनंतर

किनाऱ्यावर परतल्यावर साहित्य गोड्या पाण्याने धुतात आणि बुडीत आलेली कोणतीही अडचण गाईडला सांगतात. सांधेदुखी, बधिरपणा, अतिशय थकवा किंवा छातीत दुखणे यांकडे दुर्लक्ष करू नये. अशी लक्षणे लपवल्यास उपचारांचा मोलाचा वेळ वाया जातो. बुडीनंतर उंचीवर जाण्याविषयीही सूचना दिली जाते. पाणबुड्यांच्या वैद्यकीय सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डॅन या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार एका सामान्य बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. चिपी येथील विमानतळ मालवणपासून जवळ असल्याने ही सूचना येथे व्यवहारात महत्त्वाची ठरते. अनेक खोल बुड्या केलेल्यांनी आंबोलीसारखे उंच घाट लगेच चढून जाण्यापूर्वीही प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

खलाशी व गाईड यांना बक्षिशी देण्याची प्रथा देशोदेशी वेगवेगळी आहे. ती दिल्यास एका व्यक्तीला न देता बोटीवरील सर्वांमध्ये वाटली जाईल अशी देणे अनेक ठिकाणी उचित मानतात, कारण पाण्याखाली न दिसणारा तांडेलही त्या बुडीच्या सुरक्षिततेत सहभागी असतो.

हे सुद्धा पहा

- मालवण सागरी अभयारण्य
- सिंधुदुर्ग किल्ला
- तारकर्ली
- आंग्रिया बँक
- स्कूबा डायव्हिंग